पप्पांच्या वाटीतले दहा थेंब

कोपरी, ठाणे
२३ जुलै २०२४

मम्मी,

एकच विचारायचं आहे. पप्पांच्या डाळीत तू काय घालायचीस?

खरं सांग. मी कोणाला सांगणार नाही. जे सांगायचं होतं ते मार्चमध्येच सगळ्यांसमोर सांगून बसलेय, आता अजून कोणाला सांगणार?

तुला वाटत असेल मी तेव्हा पप्पांनी पढवल्यासारखी बोलले. नाही. मी स्वतः बघितलेलं. फेब्रुवारीत क्लास सुटला म्हणून मी लवकर घरी आलेली. तू ओट्याकडे तोंड करून उभी होतीस, दाराकडे पाठ. हातात छोटी तपकिरी बाटली. तुझे ओठ हलत होते, तू मोजत होतीस. दहा थेंब. फक्त पप्पांच्या वाटीत. माझ्या नाही, तुझ्या नाही. मग बाटली पुसलीस आणि कपाटात पॅडच्या पाकिटात कोंबलीस, जिथे पप्पा कधीच हात घालणार नाहीत.

मी आठ दिवस लक्ष ठेवलं. आठही दिवस तेच.

पप्पा कितीतरी महिने म्हणत होते, जेवणात काहीतरी आहे, जेवलं की जीभ जड होते. तू म्हणायचीस, तुमच्या मनाचे खेळ आहेत. मम्मी, मनाचे खेळ नव्हते ना? मग त्यांना खोटं का पाडत होतीस? म्हणून मी त्यांना सांगितलं. आणि माझे दहावीचे पेपर संपले त्याच्या पुढच्या रविवारी बुद्धविहारात वंदना झाल्यावर ते उभे राहिले, तू जेवणात काहीतरी घालतेस असं सगळ्यांना सांगितलं आणि म्हणाले, "माझ्यावर विश्वास नसेल तर माझ्या मुलीला विचारा." मी हो म्हणाले.

चांगदेव काका विहाराच्या कमिटीचे अध्यक्ष आहेत, त्यांना विचारणं भागच होतं. तीन वेळा विचारलं त्यांनी. "ताई, बाटलीत काय होतं? सांगून टाका, विषय संपेल." तू पप्पांकडे बघितलंस. मग पदर सारखा केलास आणि चपला घालून निघून गेलीस. एक शब्द नाही. काही केलंच नव्हतं तर माणूस एक शब्द तरी बोलतो ना?

आपल्यात करणी-बिरणी कोणी मानत नाही. पण शेजारची कांतामावशी त्या दिवशी जिन्यात म्हणालीच, "मानत नाही ते ठीक आहे, पण मग बाटलीत होतं काय?" चार महिने झाले. मलाही तेच विचारायचं आहे.

त्या संध्याकाळी तू सामान घ्यायला आलीस म्हणे. आम्ही घरी नव्हतो.

पप्पा मजेत आहेत. परवा आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. आता तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन. या वर्षी गोपीनाथ सर वाचतायत. चौदा वर्षांत पहिल्यांदा पप्पा नाहीत. त्यांचा घसा बसलाय, म्हणून.

तू मामाकडे राहतेस, पण त्याच्याकडून निरोप पाठवू नकोस आणि मलाही फोन करू नकोस, माझा बंद असतो. शिवानी म्हणून माझी कॉलेजची मैत्रीण आहे, टेंभी नाक्याला राहते. पत्ता मागे लिहिलाय. तिथे पाठव.

अंतरा

*

१९ ऑगस्ट

मम्मी,

पत्र मिळालं. पाच ओळी. 'तब्येत जप. पप्पांना गरम वाढ. त्यांच्याशी वाद घालू नकोस. अभ्यास कर. मी बरी आहे.' मी विचारलं काय आणि तू लिहिलंस काय. शिवानीने पण वाचलं आणि म्हणाली, तुझी मम्मी शाणी आहे हां, बरोबर टाळलं. मला राग आला तिचा. तुझ्यावर मी चिडलेले चालते, तिने का बोलावं?

पप्पांना गरम वाढते. मीच करते सगळं. दुसऱ्या कोणाच्या हातचं ते खात नाहीत. पहिला घास मी खायचा, मग ते दहा मिनिटं घड्याळ बघतात आणि मग जेवतात. सुरुवातीला मला भारी वाटायचं, अख्ख्या जगात त्यांचा एकटीवर विश्वास आहे, माझ्यावर. आता डाळ थंड होते आणि मी शेजारी बसून राहते.

मागच्या पत्रात मी लिहिलं की घसा बसलाय. घसा बसलेला नाही. वर्षावासाच्या आधी चांगदेव काका बोलवायला आलेले, तर पप्पा दार किलकिलं करून म्हणाले, "तुमच्या माइकमध्ये काय बसवलंय ते आधी काढा." काका हसले. त्यांना वाटलं मस्करी. पप्पा हसले नाहीत, तेव्हा काका माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, घसा बसलाय त्यांचा.

आणि ते रजेवर आहेत. मे महिन्यापासून. एसटी स्टँडवर त्यांच्या जागी आता दुसरा कोणीतरी माइकवर गाड्या पुकारतो. मी एकदा मुद्दाम तिकडून गेले. त्या माणसाला 'अक्कलकुवा' नीट म्हणता येत नाही.

आता हे वाच आणि सांग. पप्पा म्हणाले, गोपीनाथ सर वाचताना शब्द बदलतायत. मध्ये मध्ये ओळी गाळतात आणि त्या गाळलेल्या ओळी म्हणजे आपल्याबद्दलचा निरोप असतो, ज्यांना कळायचा त्यांना कळतो. मी म्हणाले, असं कसं होईल? ते म्हणाले, जाऊन बघ. मी घरचा ग्रंथ घेऊन गेले आणि मागे भिंतीला टेकून एकेक ओळीवर बोट ठेवून ऐकत बसले. मम्मी, सरांनी खरंच गाळलं. एक अख्खा परिच्छेद. आजूबाजूला सगळे शांत बसलेले, कोणालाच काही वाटलं नाही, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे? मी धावत घरी येऊन पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "बघ." इतकंच. पण किती खूश झाले!

दुसऱ्या दिवशी सरांनीच सुरुवातीला सांगितलं, काल पान उलटताना एक परिच्छेद सुटला, माफ करा, आणि तो वाचला.

मी हे पप्पांना अजून सांगितलेलं नाही. का नाही सांगितलं ते मला माहीत नाही. आणि खरं सांगू? सर माफ करा म्हणाले तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हेच, की यांना कसं कळलं मी तपासत होते?

तू मला काहीच सांगत नाहीस, म्हणून मी तुला सांगतेय. पप्पांनी खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलीत. माझा फोन पिठाच्या डब्यात आहे. पिठातून आवाज जात नाही म्हणे.

बाटलीत काय होतं?

अंतरा

*

९ सप्टेंबर

तुझ्या शिलाई मशीनचं हँडल अडकत होतं. शिवानीच्या ड्रेसची शिलाई उसवलेली, ती मारायला मी मशीन काढलं. खालचा खण पूर्ण बाहेर ओढला तर मागे एक कागद घडी करून अडकवलेला.

डॉक्टरचा कागद. मनोविकारतज्ज्ञ. सप्टेंबर २०२२. वर पप्पांचं नाव, प्रफुल्ल, वय ४६. खाली औषधाचं नाव आणि 'रोज रात्री १० थेंब, जेवणात'. मागच्या बाजूला तुझ्या अक्षरात तारखा. काही तारखांपुढे 'झोपले'. काहींपुढे 'हसले'. एका ठिकाणी 'अंतूला गणित शिकवलं'.

तो दिवस मला आठवतो.

कोपरीतल्या मेडिकलवाल्यांना आपण सगळे माहीत, म्हणून मी खोपटला गेले. तिथल्या माणसाला कागद दाखवला. तो म्हणाला, "जुना आहे हा, यावर नाही देता येणार. कोणासाठी?" मी म्हणाले, घ्यायचं नाही, फक्त काय आहे ते सांगा. त्याने माझ्याकडे बघितलं आणि आवाज कमी केला. "संशयाच्या आजाराला देतात. माणूस गोळी घेत नाही ना, मग घरचे हे देतात. चव नसते, वास नसतो. पुष्कळ घरांत देतात, बाळा."

मी तिथल्या एसटी डेपोच्या बाहेर फुटपाथवर बसून राहिले. गणपतीचे दिवस, समोर मंडपात स्पीकर चालू, रडले तरी कोणाला ऐकू आलं नसतं. पण रडू आलं नाही. राग आला. आधी स्वतःचा आला आणि मग तुझा.

तू का नाही बोललीस? चांगदेव काकांनी तीन वेळा विचारलं. 'औषध आहे' एवढंच म्हणायचं होतं. आणि त्यांना नाही तर नाही, मला का नाही सांगितलंस? मी एका घरात राहत होते ना तुझ्याबरोबर? मी लहान होते म्हणू नकोस. विहारात साक्ष द्यायला मी पुरेशी मोठी होते.

आणि अजून एक. पप्पा जे जे म्हणतात, माइक, पीठ, सर, फोन, त्यातलं काहीच खरं नाही हे मला आता कळतं. पण जेवणात कोणीतरी काहीतरी घालतंय, हे खरं होतं, मम्मी. ते एकच खरं होतं आणि तेच तू सगळ्यात जास्त नाकारलंस.

अंतरा

*

३ ऑक्टोबर

मम्मी,

तुझं मोठं पत्र शिवानीच्या घरी नाही वाचलं, तलावपाळीला बाकावर बसून वाचलं. आता कळलं. पप्पा एकदाच तुझ्याबरोबर डॉक्टरकडे आले, झोप येत नाही म्हणून. पंधरा दिवस गोळ्या घेतल्या, मग खिडकीतून टाकल्या. थेंब तू त्यांच्या चोरून सुरू केलेस आणि घराबाहेर कोणाला कळू दिलं नाहीस, कारण ज्यांच्या वाचनाला उल्हासनगरहून लोक येतात त्यांना कोणी 'तो वेडा' म्हटलेलं तुला चालणार नव्हतं. मुलीचं पुढे काय, नोकरीचं काय. मला विष घालणारी म्हणाले तरी चालेल, असं तू लिहिलंयस. मला ते वाचून तुझा अभिमान वाटायला हवा होता. मला भीती वाटली.

सुदेश मामा भेटला. बाटली दिली. तू डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगून नवीन लिहून आणलंस म्हणाला. "दहा थेंब, आणि त्यांना अजिबात कळू देऊ नकोस, तुझी मम्मी सांगते." मामा माझ्याकडे सारखा बघत होता. माझ्यावर त्याचा राग आहे ना? असू दे.

आज बारावा दिवस. मी पण ओट्याकडे तोंड करून उभी राहते. मी पण ओठ हलवून मोजते, मनात मोजलं की चुकतं. पहिला घास मला खायचा असतो, म्हणून मी थेंब वाटीच्या एका बाजूला टाकते, ढवळत नाही आणि दुसऱ्या बाजूचा घास घेते. तरी एकदा कॉलेजात बाकावर झोपले. तू दीड वर्ष कसं केलंस हे?

पप्पा झोपायला लागलेत. सलग. काल त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीचा एक कागद काढला आणि बाहेर बघत म्हणाले, "समोरच्या बिल्डिंगला रंग दिला की काय?" रंग फेब्रुवारीतच दिलाय. मी म्हणाले, हो, चांगला दिसतो.

तुझ्यासारखं मी पण लिहून ठेवते. काल लिहिलं, 'रंग बघितला'.

पण आज जेवताना ते म्हणाले, "तू आहेस म्हणून मी जेवतो, अंतू. नाहीतर कधीच संपलो असतो." आणि हात धुवायला उठले.

ज्यासाठी तुला नावं ठेवली तेच आता मी करतेय. फरक इतकाच की मला कोणी बघितलेलं नाही.

अंतरा

*

२२ ऑक्टोबर

मम्मी,

मी सांगितलं त्यांना. तू नको म्हणाली होतीस, तरी सांगितलं. आधी पूर्ण वाच, मग चीड.

रविवारी दुपारी जेवायला बसलो. पानं वाढली आणि बाटली त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. बरेच दिवस ते चांगले होते, मला वाटलं आता ऐकतील.

ते बाटलीकडे बघत राहिले. म्हणाले, "हे कुठे सापडलं?"

"सापडलं नाही. मीच घालते. वाटीत."

"किती दिवस?"

"एकोणतीस."

"आणि ती?"

"दीड वर्ष. औषध आहे, पप्पा. डॉक्टरांनी दिलेलं. तुम्हीच एकदा गेलेलात त्यांच्याकडे." मी मशीनमधला कागद पुढे केला.

त्यांनी तो वाचला. मागची बाजू पण वाचली, सगळ्या तारखा, एकेक. मग म्हणाले, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हतो."

"नाही. बाटली खरी होती. विष खोटं होतं."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ताट हळूच माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "तू पण." उठले, स्वतःची वाटी घासली, पुसली आणि आपल्या उशीखाली ठेवली.

आज तिसरा दिवस. केळी खातात, स्वतः सोलून. सीलबंद बिस्किटं. माझ्याशी बोलत नाहीत. मी पाणी भरून ठेवलं की ओतून देतात आणि नळाचं घेतात. खिडकीचा कागद परत लावला.

मी चूक केली का? सारखं वाटतं, केली. आणि मग वाटतं, खोटं बोलून दिलेल्या जेवणावर माणूस किती दिवस बरा राहील?

आता एक मला सांगायचंच आहे, नाहीतर पप्पांना जे बोलले त्याला अर्थ नाही. मार्चमध्ये त्या संध्याकाळी तू दार वाजवलंस तेव्हा आम्ही घरी होतो. पप्पा मोरीत होते. मी दाराच्या आत उभी होते, एक हात कडीवर. तू "अंतू" म्हणालीस, तीनदा की चारदा. मग म्हणालीस, "नुसतं स्वेटर दे, बाकी काही नको." तेही मी दिलं नाही. मला वाटलं दार उघडलं की तू माझ्या डोळ्यांत बघशील आणि मला कळेल की मी चुकलेय.

अंतरा

*

१२ नोव्हेंबर

मम्मी,

मामाने तुला अर्धवट सांगितलं असेल. सगळं लिहिते.

शुक्रवारी मी कॉलेजातून आले तर पप्पा घरी नव्हते. युनिफॉर्म पण नव्हता. कांतामावशी म्हणाली, "गेले की कामावर, मला जय भीम केला, छान दाढी केलेली." मी रिक्षा केली.

स्टँडच्या बाहेरूनच त्यांचा आवाज ऐकू आला. तोच, पूर्वीचा. एकही अक्षर न अडखळता. "सर्व प्रवाशांना सूचना देण्यात येते. फलाट क्रमांक चार, अक्कलकुवा. फलाट क्रमांक सहा, गुहागर. सर्व प्रवाशांनी नोंद घ्यावी, जवळचं पाणी पिऊ नये. पाणी ओतून द्यावं. पाण्यात मिसळलेलं आहे." युनिफॉर्ममध्ये बघून केबिनमध्ये कोणी अडवलं नव्हतं. बरे होऊन आले, असंच वाटलं सगळ्यांना.

आणि लोक ओततही होते, मम्मी! कोणी विचारलं नाही, काय मिसळलंय, कोणी मिसळलंय. आवाजच तसा. बायका पिशव्यांतून बाटल्या काढून फलाटाच्या कडेला उपड्या करत होत्या. केबिनच्या काचेसमोर एक बाई कडेवर तान्हं घेऊन उभी होती. तिने बाळाच्या दुधाची बाटली उघडली, पाण्यात पावडर कालवलेली असणार, आणि ती पण ओतली. बाळ बाटलीकडे हात करून रडायला लागलं. कळवळून.

पप्पा थांबले. माइक चालू होता, आणि फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता, पूर्ण स्टँडभर.

मग स्टँडवरच्या लोकांनी हळूच माइक बंद केला. चांगले वागले सगळे. चहा दिला. त्यांच्यातल्या कोणाकडे तरी चांगदेव काकांचा नंबर होता, काका आणि गोपीनाथ सर गाडी घेऊन आले आणि आम्हाला घरी आणलं.

घरी काका खुर्चीवर, सर पलंगावर, पप्पा खाली भिंतीला टेकून. काका मलाच समजावत होते, जसे काही पप्पा तिथे नव्हतेच. "हे बघ, मन हेच सगळ्याचं मूळ. ध्यान शिबिराला पाठवू. दहा दिवस मौन, मन ताब्यात येतं. आपण जे शिकवतो ते आपणच करून दाखवायला हवं. दवाखान्यात नेलंस की शिक्का बसतो, बाळा. आयुष्यभराचा."

मी म्हणाले, "काका, पप्पांनी चौदा वर्षं ग्रंथ वाचला. ध्यान त्यांनी तुम्हाला शिकवलं. त्याने बरे होणार असते तर कधीच झाले असते."

"तू लहान आहेस."

"त्यांना साखरेचा आजार असता तर शिबिराला पाठवलं असतं का?"

सर म्हणाले, "पोरगी बरोबर बोलतेय, चांगदेवराव." मला धक्का बसला. या माणसाच्या ओळीवर मी बोट ठेवून बसलेले.

काका काही बोलणार, तेवढ्यात पप्पा म्हणाले, "तिने दूध ओतलं."

कोणाला कळलं नाही. मला कळलं.

"मी सांगितलं म्हणून ओतलं. ते बाळ रडत होतं. पाण्यात काय आहे, मला खरंच माहीत नव्हतं, अंतू. मी बघितलं नव्हतं. तरी सांगितलं." मग म्हणाले, "डॉक्टरकडे येतो. पण बाटलीचं सील माझ्यासमोर फोडायचं. थेंब मी मोजणार. आणि मला विचारल्याशिवाय माझ्या ताटात कोणी काही घालायचं नाही. मीठसुद्धा नाही."

सोमवारी गेलो. सर बरोबर होते. डॉक्टरांनी पप्पांना सगळं नीट सांगितलं, माझ्याकडे न बघता, त्यांच्याकडे बघून. गोळी नको म्हणाले पप्पा, थेंबच द्या, मोजता येतात. बाटलीबरोबर जो बारीक अक्षरांचा कागद येतो तो त्यांनी घरी चष्मा लावून मोठ्याने वाचला, पूर्ण, मागच्या पत्त्यासकट. मग सील फोडलं. उजेडात धरून मोजले. नऊ झाल्यावर मला म्हणाले, "बघतेस ना?" मी म्हणाले, बघते.

अंतरा

*

२ डिसेंबर

मम्मी,

तू लिहिलंस, झालं ते झालं, विहारात आता काही बोलू नकोस, पप्पांची शोभा होईल. पुन्हा तेच. मी ठरवलं की या वेळी तुला न विचारता पप्पांनाच विचारायचं.

शनिवारी ते भाजी निवडत होते. मी म्हणाले, "उद्या वंदनेनंतर मम्मीचं सांगू का? की बाटलीत औषध होतं?"

ते देठं मोडत राहिले. "माझं नाव घेशील?"

"नको म्हणालात तर नाही घेणार."

"नाव घेतलं नाहीस तर ते परत तिच्याकडेच बघतील." आणखी थोडी भाजी निवडून झाल्यावर म्हणाले, "घे नाव. मी येणार नाही, मला जमणार नाही. पण घे."

काल वंदना झाली, लोक उठायला लागले, तेव्हा मी उभी राहिले. चांगदेव काका लगेच म्हणाले, "बस बाळा, घरचं घरी."

मी म्हणाले, "मार्चमध्ये तुम्ही घरचं इथेच विचारलेलं, काका. तीन वेळा." मग ते बसले.

मी फार बोलले नाही. म्हणाले, माझे पप्पा प्रफुल्ल यांना मनाचा आजार आहे, दोन वर्षं. बाटलीत डॉक्टरांचं औषध होतं. माझ्या मम्मीने त्यांना सांभाळलं आणि मी तिच्याविरुद्ध साक्ष दिली. ती खोटी नव्हती, पण अर्धी होती, आणि अर्धी साक्ष देऊन मी तिला घराबाहेर काढलं.

कांतामावशी म्हणाली, "अगं, मग ती बोलली का नाही?"

मी विचारलं, "बोलली असती तर तुम्ही पप्पांना काय म्हणाला असतात?"

नंतर काही जण न बघताच निघून गेले. चांगदेव काका माझ्याजवळ येऊन उभे राहिले, चष्मा पुसला आणि गेले. आणि पायऱ्यांवर एका बाईने माझा दंड धरून बाजूला घेतलं. ओळखतेस तू तिला, नाव लिहीत नाही. म्हणाली, "डॉक्टरांचं नाव लिहून दे. कोणाला सांगू नकोस हं." मी तिच्याच पिशवीतल्या एका पावतीच्या मागे लिहून दिलं.

सगळं छान झालं असं समजू नकोस. आता जिन्यात लोक मला जरा जास्तच वाट देतात. आधी ज्या नजरेने पप्पांकडे बघत होते तसं आता माझ्याकडे बघतात, हिलाही आहे का म्हणून. मलाही कधी कधी तीच शंका येते. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तुला काळजी आहे, आजार नाही, पण कधी वाटलं तर ये. मी विश्वास ठेवायचं ठरवलंय. ठरवावं लागतं.

पप्पा पूर्ण बरे नाहीत. औषधाने हात थोडे थरथरतात, डॉक्टर म्हणतात कमी होईल. खिडक्या मोकळ्या आहेत, पण एखादा दिवस वाईट जातो आणि मग ते कोपऱ्यात बसून राहतात. ताट मात्र स्वतः वाढून घेतात. तुझं नाव मी काढत नाही, काढलं की ते दचकतात. म्हणून लगेच ये असं मी लिहिणार नाही. ये म्हणायचा हक्क मला आहे की नाही तेही माहीत नाही. मी रविवारी कल्याणला येते. कोळसेवाडीत मामाच्या दारात उभी राहीन. तुला उघडावंसं वाटलं तर उघड.

हे पत्र मी त्यांच्यासमोर बसून लिहितेय. लपवून नाही. मघाशी त्यांनी विचारलं, "तिला लिहितेस?" मी हो म्हणाले. मला वाटलं विषय संपला. मग म्हणाले, "तिला विचार, तिला माझी भीती वाटते का."

मी म्हणाले, "काय?"

"मला सगळ्यांची वाटायची. तिला माझी वाटत असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. विचार तिला. खरं सांग म्हणावं. मी चिडणार नाही."

तर मी विचारतेय. याचं उत्तर मला देऊ नकोस. वेगळ्या पाकिटात घाल आणि वर त्यांचं नाव लिही. रविवारी माझ्याकडे दे. मी उघडणार नाही.

अंतू